शस्त्रक्रियेआधीच सांगा

महोदय,
माझ्या वडिलांची प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मुंबईत रोबोटिक शस्त्रक्रिया झाली. कर्करोग गेला, पण लघवीवरचा ताबाही गेला. चोपड्याला परतल्यावर एसटीत बसायला ते धजेनात. लग्नकार्य, पारावरची बैठक, सगळं सुटलं. त्रास किती होईल याचा अंदाज आधी बांधता येतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. वय, वजन, शस्त्रक्रियेत प्रोस्टेटलगतच्या नसा (मज्जातंतू) वाचवता येतील का, आणि मुख्य म्हणजे एमआरआयवर मोजलेली, प्रोस्टेटखालच्या मूत्रनलिकेची लांबी: ती जास्त असेल तर ताबा सहसा लवकर येतो. बहुतेकांना वर्षभरात बराच फरक पडतो, एवढं कुणी सांगितलं असतं तरी बाबा तोंड लपवून बसले नसते. जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांनी रुग्णाला मुंबई-पुण्याला पाठवतानाच हा विषय काढावा आणि ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम तेव्हाच शिकवावेत.

एक वाचक, चोपडा