थेम्सकाठचे बुडवून ठेवलेले नाट्यगृह

लंडन

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू आयुष्यभर इमारतींचे पाये घातलेस, म्हणून इथे पाहिलेल्या एका पायाची हकिकत तुला सविस्तर कळवतो. थेम्सच्या दक्षिण तीरावर, साउथवर्क पुलाजवळच्या पार्क स्ट्रीटवर कार्यालयांची एक इमारत आहे आणि तिच्या पोटात १५८७ साली फिलिप हेन्स्लोने उभारलेल्या ‘रोज’ नाट्यगृहाचे जोते आहे. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याची नाटके इथेच रंगली.

१९८९ साली जुनी इमारत पाडून नवी बांधण्यासाठी जागा मोकळी केली, तेव्हा हे अवशेष उजेडात आले. बांधकामाची परवानगी आधीच मिळालेली होती. तरीही नटमंडळी, अभ्यासक आणि साधे प्रेक्षक त्या खड्ड्याभोवती ठाण मांडून बसले, त्यांत पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट आणि इयन मॅकेलन यांच्यासारखे दिग्गजही होते. अखेर आराखडा बदलला. अवशेषांमधून जाणारे खांब बाहेर सरकवले आणि वरचा सगळा भार लांब तुळयांवर घेतला.

मी मोठ्या उत्सुकतेने आत गेलो, तर समोर काळे पाणी आणि त्यात रंगमंचाचा आकार दाखवणाऱ्या लाल दिव्यांच्या रेषा, एवढेच! क्षणभर फसवल्यासारखे वाटले, हे तुझ्यापाशी कबूल करतो. मग कारण कळले. चारशे वर्षे ओल्या मातीत राहिलेले लाकूड आणि चिकणमाती उघड्यावर वाळली की तडकते, म्हणून त्यांवर वाळू पसरून, वर काँक्रीटचा पातळ थर देऊन पाणी भरून ठेवले आहे. नवा स्लॅब वाळून तडकू नये म्हणून तू त्यावर छोट्या बांधांची आळी करून पाणी साठवतोस, त्याचीच आठवण झाली. फरक इतकाच की तुझी आळी काही दिवसांत फोडायची असते.

पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारने नियोजनाचे धोरण ठरवले, की जमिनीखाली काय आहे याचा विचार परवानगी देण्यापूर्वीच व्हावा आणि महत्त्वाचे अवशेष शक्यतो जागच्या जागी राखावेत. माझ्या मते त्या पहाऱ्याचे खरे फळ हेच, कारण इमारत अर्धी ठरल्यावर खांब सरकवणे किती महागात पडते, हे तुला मी काय सांगावे!

नाट्यगृहाचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही. खांब न रोवता एवढे अंतर पेलायचे तर तुळई किती खोल लागेल, याचा तुझा अंदाज मला हवा आहे. उत्तरासोबत एक आकृतीही काढून पाठव.

तुझा मित्र