स्पोर्टी स्कूटर घेताना टॉप स्पीडच्या आधी काय पाहावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत १२५ सीसीच्या स्पोर्टी स्कूटरची तुलना नुकतीच वाचली. बीएचपी, टॉप स्पीड, रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथचा तक्ता नेटका आहे, पण रोज कामावर जाण्यायेण्यासाठी गाडी घेणाऱ्याला हवी ती माहिती त्यात नाही. शहरात स्कूटर बहुतेक वेळ पन्नासच्या आतच चालते. टॉप स्पीड ९० की ९५, याने तिथे काहीच फरक पडत नाही. सिग्नल सुटल्यावर पहिल्या वीस मीटरमध्ये गाडी कशी उचलते, पुढचा अचानक थांबला तर किती अंतरात उभी राहते, ओल्या वळणावर मागचे चाक सरकते का, हे मात्र रोज अनुभवाला येते. गाडी स्पोर्टी आहे की नाही, ते तिथे ठरते.

आधी पिकअप. या वर्गातल्या गाड्यांची ताकद साधारण ८ ते १० बीएचपी आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. आकडे इतके जवळ असूनही चालवताना दोन गाड्यांत चांगलाच फरक जाणवतो. याचे एक कारण वजन. एक गाडी १०० किलोची आणि दुसरी ११८ किलोची असेल, तर ७० किलोच्या माणसासह दुसऱ्या इंजिनाला दहा टक्के जास्त ओझे ओढावे लागते. दुसरे कारण म्हणजे टॉर्क किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो. तोच टॉर्क ५,५०० ऐवजी ७,००० आरपीएमला मिळत असेल, तर गर्दीत गाडी सारखी पिळावी लागते. तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण डाव्या बाजूच्या बेल्ट कव्हरखाली असते.

तिथे इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट असतो. त्याच्या पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, बहुधा सहा रोलर, म्हणजे छोटी गोल वजने, असतात. आरपीएम वाढला की ते बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीच्या दोन चकत्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी न कळत वरच्या गिअरमध्ये जाते. रोलर हलके असतील तर इंजिन जास्त आरपीएमवर राहते, गाडी चटकन उचलते आणि पेट्रोल जास्त पिते. जड असतील तर गाडी शांत चालते, पण सुरुवातीला मंद वाटते. कंपनीने यातला कोणता तोल साधला आहे, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते. ते गाडी चालवल्यावरच कळते, आणि म्हणूनच परीक्षण लिहिणाऱ्याने ते सांगायला हवे. पिकअपसाठी नव्या गाडीत बाहेरून हलके रोलर बसवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने ॲव्हरेज हमखास कमी होते आणि वॉरंटीचा प्रश्नही उभा राहू शकतो. पिकअप हवा असेल तर मुळात तशी जुळणी असलेली गाडीच घ्यावी.

याच कव्हरखालच्या भागांची झीज गाडी जुनी झाल्यावर त्रास देते. रोलर एका बाजूने झिजून चपटे होतात आणि अडखळत सरकतात, मग तीस-चाळीसच्या वेगात गाडी हलके झटके देते. बेल्टच्या कडा झिजून तो अरुंद होतो. तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त ओरडू लागते आणि मालकाला वाटते की इंजिनच गेले. बऱ्याच गाड्यांत २० ते २५ हजार किलोमीटरच्या दरम्यान बेल्ट बदलायला सांगितलेले असते. मर्यादेपलीकडे वापरला तर तो एखाद्या दिवशी भर रस्त्यात तुटतो. इंजिन चालू, पण गाडी जागची हलत नाही. बेल्ट बदलताना रोलर आणि त्यांचे प्लॅस्टिकचे स्लायडर पाहून घ्यावेत. कव्हर तेव्हा उघडलेलेच असते, त्यामुळे मजुरी एकदाच पडते.

गाडी निघताना थरथरते, ही दुसरी नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा क्लच शूची (रेस दिली की बाहेर सरकून घासणाऱ्या पट्ट्यांची) धूळ क्लचच्या बेलमध्ये, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या गोल डब्यात, साचलेली असते आणि शूचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. बेल साफ करून शूवर पॉलिश पेपर मारला की थरथर जाते. चढावर सिग्नलला थांबताना ब्रेक न दाबता थोडी रेस देऊन गाडी धरून ठेवण्याची सवय मात्र क्लच जाळते. त्या वेळी शू अर्धवट घासत राहतात, बेल तापून निळसर पडते आणि मग पॉलिश पेपरचा उपयोग होत नाही. स्कूटर चढावर ब्रेकनेच धरायची असते. गाडी ताब्यात देताना हे कुणीच सांगत नाही, याची खरोखर खंत वाटते.

आता टायर. '१२ इंची चाके' ही जाहिरातीतली लाडकी ओळ आहे, पण इंच हे रिमचे माप असते. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटर), दुसरा भिंतीच्या उंचीचा (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमचा (इंच) असतो. ९०/१००-१० या टायरचा पूर्ण व्यास साधारण ४३४ मिलिमीटर येतो, तर ९०/९०-१२ चा ४६७. रिममध्ये दोन इंचांचा म्हणजे ५१ मिलिमीटरचा फरक, पण रस्त्यावर फिरणाऱ्या चाकात तो ३३ मिलिमीटरच उरतो. तरीही तो महत्त्वाचा आहे, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते. अनेक गाड्यांत पुढे १२ आणि मागे १० इंची रिम असते. वजन मागे जास्त, मागे बसणाराही तिथेच, आणि लहान चाकही तिथेच. म्हणून दोन्ही टायरची पूर्ण मापे छापावीत. ११०/७० सारखा रुंद आणि बुटका टायर वळणावर भक्कम वाटतो. त्याच्या भिंतीची उंची ७७ मिलिमीटर, तर ९०/१०० ची ९०. खड्ड्यांच्या रस्त्यावर बुटक्या टायरमुळे रिमला मार लवकर बसतो. त्यात हवा कमी असली तर अलॉय रिम वाकते किंवा तिला तडा जातो, आणि मग ट्युबलेस टायरची हवा रोज उतरू लागते. पंक्चर मात्र कितीही शोधले तरी सापडत नाही.

ब्रेकबाबत पुरवणीत 'डिस्क : आहे' एवढेच होते. ५० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तर तेवढे अंतर आधीच गेले. पुढे दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी झाला तर थांबायला आणखी १९ मीटर लागतात. हा दर ६ असेल तर १६ मीटर पुरतात. हा तीन मीटरचा फरक टायरची पकड, पुढच्या डिस्कचा दाब आणि चालवणाऱ्याची सवय यांतून येतो. कॉम्बी ब्रेकमध्ये मागच्या ब्रेकचा लिव्हर दाबला की पुढचाही ब्रेक काही प्रमाणात लागतो. चाक लॉक होणे मात्र त्याने थांबत नाही, ते काम एबीएसचे. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असा समज पसरलेला आहे. त्यांतली कोणती कोणत्या गाडीत आहे, ते स्पष्ट लिहावे. पावसात वाळू किंवा तेल सांडलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने परवडत असेल तर पुढच्या चाकाला एबीएस असलेलीच गाडी घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे.

मागच्या हादऱ्यांबद्दल एक गोष्ट समजून घेतलेली बरी. स्कूटरचे इंजिन चाकाबरोबरच वरखाली हलते. ते सगळे वजन शॉकअपच्या खालच्या बाजूला येत असल्याने मागून धक्के लागणारच. स्पोर्टी म्हणून शॉकअप आणखी कडक केला असेल, तर एकट्याला तो चांगला वाटतो खरा, पण लांबच्या खडबडीत रस्त्यावर कंबर धरते.

ॲव्हरेजवर फार जागा खर्च करू नये. टाकी पाच-साडेपाच लिटरची असते. ४५ चे ॲव्हरेज धरले तरी रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याला पाच-सहा दिवसांनी पंपावर जावेच लागते. डिकीच्या लिटरपेक्षा तिचा आकार पाहावा, आपले हेल्मेट तिथेच घालून पाहावे. किक नसेल तर बॅटरीची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण फ्युएल इंजेक्शनचा पंप विजेवर चालतो आणि स्कूटर तर मुळात ढकलून सुरू होतच नाही. इंजिन ऑइल जेमतेम पाऊण लिटर मावते. त्यातले दोनशे मिली जळून गेले तर पाव हिस्सा गेला, म्हणून पंधरवड्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहणे आवश्यक आहे. बेल्ट कव्हरच्या हवेच्या वाटेपर्यंत पाणी चढेल अशा रस्त्यातून गाडी काढू नये. बेल्ट भिजला की तो घसरतो, रेस वाढते आणि गाडी पुढे सरकत नाही.

टेस्ट राइड बहुतेक जण एकटे, सपाट रस्त्यावर, पाच मिनिटे घेतात. ती मागे कुणाला तरी बसवून घ्यावी. चढावर थांबून पुन्हा निघावे, गाडी थरथरते का ते पाहावे. दहाच्या वेगात दहा-बारा मीटर पाय न टेकवता सरळ न्यावी, तोल आणि वजन तिथे कळते. मोकळ्या जागी तीसच्या वेगातून दोन्ही ब्रेक एकदम दाबून पाहावेत. थांबल्यावर दोन्ही पाय टेकतात का, आणि गतिरोधकावर डबल स्टँड घासतो का, तेही मागे माणूस असतानाच पाहावे.

पुढच्या तुलनेत आपण शून्य ते चाळीसचा वेळ एकट्याने आणि दोघांनी असा वेगवेगळा द्यावा. ५० वरून थांबण्याचे अंतर, गाडीचे वजन, दोन्ही टायरची पूर्ण मापे, ब्रेकची पद्धत आणि बेल्ट बदलण्याचा किलोमीटरचा आकडा छापावा. त्यासाठी जागा हवी असेल तर ब्लूटूथचा रकाना काढून टाकला तरी चालेल.

आपले नम्र,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक