दादा, त्या एका वाक्यासाठी थँक्यू

दादा, फोनवर नीट बोलताच आलं नाही म्हणून इथे लिहितोय, हसू नका.

पिंपळगावला मामांचं द्राक्ष पॅकिंगचं शेड आहे, त्यांच्यासाठी मी पायथनच्या टीकिंटरमध्ये (खिडक्या, बटणं, डबे बनवायची लायब्ररी) छोटं एंट्री सॉफ्टवेअर केलेलं. सीझन लागला आणि घोळ सुरू. क्रेटमध्ये थॉमसन जातीची द्राक्षं आणि पावतीवर सोनाका, नाहीतर थेट शरद! सगळे एंट्रीवाल्या काकांवर घसरले, वय झालं, चष्मा बदला, काय काय. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. जिथे फी भरून शिकलो त्या क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणे ऑपरेटर बदल. दुसऱ्या एकाने ॲडव्हान्स घेतला आणि मग फोनच उचलेना.

तुम्ही नाशिकला कॉलेज रोडला चहा घेता घेता काका कसं भरतात ते नुसतं बघत बसलात. व्हरायटी निवडली, फॉर्म खाली न्यायला माऊसचं चाक फिरवलं, कर्सर अजून कॉम्बोबॉक्सवरच, म्हणजे यादीतून व्हरायटी निवडायच्या डब्यावरच, झालं, व्हरायटी गुपचूप बदलली. चाकाचं हे काम त्या विजेटच्या (स्क्रीनवरच्या डब्याच्या) क्लासलाच, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या डब्यांना एकत्रच, बांधलेलं असतं हे मला कुठे माहीत, मी आपला एकेका डब्यावर अनबाइंड मारत बसलेलो, तिथे सोडवायला काही नव्हतंच. मग चाक फिरल्याची खबर कुठल्या क्रमाने जाते ते तुम्ही बिलाच्या मागे लिहिलंत, आधी विजेट स्वतः, मग त्याचा क्लास, मग खिडकी, शेवटी ऑल, म्हणजे सगळ्यांसाठीचं. विजेटवर बाइंड करून ब्रेक रिटर्न केलं, म्हणजे खबर पुढे जाऊच दिली नाही, तर व्हरायटी वाचते पण फॉर्मचं स्क्रोलही तिथेच अडतं, कारण ते मी ऑलवर टाकलेलं, आणि क्लासच यादीतून उडवला तर डबा उघडतच नाही. म्हणून फक्त टीकॉम्बोबॉक्स क्लासवरचं माऊसव्हील काढायचं. एक ओळ! तीही मलाच टाइप करायला लावलीत.

पण थँक्यू त्या ओळीचं नाहीये. निघताना तुम्ही काकांकडे वळून म्हणालात, "काका, तुमची चूक नव्हती हो, आमची होती." आमची! तुमचा काय संबंध होता राव, कोड माझा, अक्कल माझी. इतकं सरळ बोलायला आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, मामांना तर अजून सुचलेलं नाही.

बाइकवर काका गप्पच. ओझरला गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, चल भजी खाऊ, पैसे मी देतो.

तुमच्यासाठी त्यांनी एक पेटी बाजूला काढलीय. सोनाकाच आहे, पावती दोनदा बघितलीय त्यांनी.