५०० एरर आला की ७७७ देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स असतात ते) साइट चालवणाऱ्यांसाठी लिहितोय, जागा असेल तर छापा. मागे माझ्या साइटवर अचानक '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' यायला लागला, सपोर्टवाला म्हणे फोल्डरला ७७७ परमिशन (म्हणजे कुणीही वाचा, लिहा, चालवा) देऊन टाका, मी दिली तर जी पानं चालत होती तीही बंद! हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो, पण बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर स्क्रिप्ट तुमच्याच युजरच्या नावाने चालते आणि कुणालाही लिहिता येईल अशी फाइल दिसली की सर्व्हर ती चालवतच नाही, म्हणून फोल्डरला ७५५ आणि पीएचपी फाइलला ६४४ पुरतं (दोन्हींत लिहायची मुभा फक्त मालकाला), पर्ल भाषेतली सीजीआय स्क्रिप्ट (सर्व्हर वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवतो ती) असेल तर तिला मात्र ७५५ लागतं.

खरं कारण एरर लॉगमध्ये होतं, कंट्रोल पॅनलमध्येच असतो तो, पण बघतो कोण. 'प्रीमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स', म्हणजे हेडर (पानाच्या आधी जाणारी माहिती) पाठवायच्या आधीच स्क्रिप्टने मान टाकलेली. विंडोजवर एडिट केलेली पर्ल फाइल मी बायनरी मोडमध्ये (काही न बदलता जशीच्या तशी) चढवली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर गेलं आणि पहिल्या ओळीतला पर्लचा पत्ताच सर्व्हरला सापडेना. एफटीपीत (सर्व्हरवर फाइली चढवायची सोय) आस्की मोड लावून, म्हणजे ओळींचे शेवट सर्व्हरला चालतील असे बदलून, परत चढवली, झालं. (दोन रात्री गेल्या त्यात.)

आणि हो, पीएचपी सीजीआयवर चालत असेल तर डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधली (फोल्डरमधली सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) 'पीएचपी व्हॅल्यू'ची एक ओळसुद्धा ५०० देते, ती सेटिंग डॉट युजर डॉट आयएनआय फाइलमध्ये टाकायची, फक्त बदल दिसायला ५ मिनिटं लागू शकतात.

आपला,
एक वाचक