प्लीज वेट म्हणे, पण किती वेळ?

संपादक साहेब,

परळच्या आमच्या सोसायटीचा मी गेली चार वर्षं सेक्रेटरी आहे, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून मी. मागच्या महिन्यात एका सरकारी ऑफिसच्या साइटवरचा फॉर्म भरायचा होता. डाउनलोड करून उघडला तर अख्ख्या पानावर इंग्रजीत नुसतं 'प्लीज वेट'. मी खरंच थांबलो हो! नेट स्लो असेल म्हणून राउटर बंद-चालू केला, चहा घेतला, परत येऊन बघतो तर तेच. शेवटी भाचा म्हणाला, मामा तिथे लोड काहीच होत नाहीये, हा पीडीएफ फॉर्म एकाच कंपनीच्या रीडरमध्ये, म्हणजे पीडीएफ उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडतो, बाकीच्यांना हेच पान दिसतं.

माझा लॅपटॉप जुना, त्यात त्यानेच विंडोजऐवजी उबंटू, म्हणजे फुकट मिळणारं एक लिनक्स, टाकून दिलंय आणि लाइटबिल, बँक, रेल्वेचं तिकीट सगळं त्यावर आरामात होतं. हेल्पलाइनला फोन केला तर बाई म्हणाल्या, काका विंडोज घ्या, रीडर तर फुकटच आहे. फुकट आहे, मान्य, पण लिनक्ससाठी त्याचं शेवटचं व्हर्जन 2013 ला आलं, नंतर बंदच केलं कंपनीने, मग मी टाकू कुठून? पूर्वी खिडकीवर काळ्या शाईचं पेन आणा म्हणायचे, कुठल्या कंपनीचं ते कधी कोणी सांगितलं नाही.

बरं, हे मी माझ्या मनाचं बोलत नाहीये. ई-गव्हर्नन्समध्ये ओपन स्टँडर्ड्स, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला वापरता येतील असे खुले नियम, वापरायचे, एका कंपनीवर अवलंबून राहायचं नाही, हे केंद्राचं धोरण 2010 पासून आहे, 2015 ला ओपन सोर्सचंही, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचंही, आलं. आणि सी-डॅकने तर बॉस नावाचं लिनक्सच बनवलंय, सरकारी संस्थेने! त्याच्यावर हा फॉर्म उघडतो का ते त्या ऑफिसातल्या कोणीतरी एकदा बसून बघावं. मला त्या कंपनीशी काही भांडण नाही, ज्याला वापरायचंय त्याने वापरावं. फक्त फॉर्म साइटवरच भरता येऊ दे, कुठल्याही ब्राउझरमध्ये, मोबाइलवरसुद्धा, आणि ते जमत नसेल तर सरळ कागदी फॉर्म घ्या की.

मी शेवटी स्टेशनजवळच्या सायबरवाल्याकडे गेलो. 80 रुपये गेले त्याचं एवढं नाही, पण त्याच्या स्क्रीनवर बघतो तर लोकांची आधार, पॅन कार्डं ओळीने पडलेली, फाइलला नावं देऊन, कोणीही येऊन उघडावं अशी. सोसायटीच्या कामासाठी माझंही कार्ड त्यात गेलं. परवा फॉर्ममध्ये एक दुरुस्ती निघाली म्हणून परत गेलो आणि आधारची कॉपी घरीच राहिली, तर तो म्हणतो, राहू द्या काका, तुमचं आहे माझ्याकडे.

एक वाचक, परळ