डावा हात अजून भाताच हलवतोय

प्रिय मन्या,

पियानो खरंच घेतलास की नुसत्या गप्पा, असं विचारलं होतंस ना, तर घेतला बाबा. चार महिने झाले, रोज रात्री जेवण झालं की हेडफोन लावून बसतोय. शिकवणारं कोणी नाही, क्लासच्या वेळा काही जमेनात, त्यामुळे पुस्तक, यूट्यूब आणि मी. तुला आधी कळवलं नाही कारण पंधरा दिवसांत सुटलं असतं तर तू जन्मभर टोमणे मारले असतेस.

मला वाटलेलं आपण शाळेपासून पेटी वाजवतोय, भजनी मंडळात इतकी वर्षं साथ केलीये, पट्ट्या त्याच, पांढरी एक म्हणजे यांचा सी, काळी तीन म्हणजे एफ शार्प, अवघड काय त्यात? कसलं काय! अरे पेटीत डावा हात करतो काय, भाता हलवतो. माझ्या डाव्या हाताला आजवर एक सूर ठाऊक नव्हता. पहिल्याच आठवड्यात हिनं गुपचूप व्हिडिओ काढला, त्यात मी उजव्या हातानं स्केल, म्हणजे सुरांची चढती ओळ, वाजवतोय आणि मांडीवर ठेवलेला डावा हात आपला आपण पुढेमागे होतोय, तेही लयीत. घरात दोन दिवस तोच विषय.

बोटांचंही तसंच. पेटीवर मी तीन बोटांत भागवायचो, करंगळी नुसती शोभेला. इथे अंगठा १ आणि करंगळी ५, आणि साध्या सी मेजरला उजव्या हाताचं १-२-३ झालं की अंगठा तळहाताखालून सरकवून एफवर आणायचा, मग पुढे १-२-३-४-५. तो सरकताना माझं कोपर बाहेर जातं आणि एफ धाडकन आपटतो. पेटीत आपटला तरी आवाज तेवढाच येतो, हवा भात्याची. इथे पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर सगळं, आणि सूर वाजला की लगेच विरायलाच लागतो, धरून ठेवला तरी.

पैसे घालवले तेही सांगतो. आधी एका दुकानात ‘शिकायला एवढा पुरे’ म्हणून ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड गळ्यात मारला. त्याच्या पट्ट्या खेळण्यासारख्या, बोटाला वजनच लागेना. तो नुकसानीत विकून मग ८८ पट्ट्यांचा, वेटेड कीजवाला, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, डिजिटल पियानो घेतला. स्टूलचे पैसे वाचवले न् डायनिंगच्या खुर्चीवर बसलो, ती ठेंगणी, तीन आठवड्यांत मनगटं दुखायला लागली. कोपर पट्ट्यांच्या पातळीत हवं हे पुस्तकात पहिल्याच पानावर होतं पण पहिलं पान वाचतं कोण. आता आईची गोधडी घडी करून खुर्चीवर टाकलीये, झकास उंची झालीये.

सध्या जी मेजरचा मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या जुन्या युरोपियन नाचाची एक धून, बसवतोय. बाख या मोठ्या जर्मन संगीतकाराची दुसरी बायको ॲना मॅग्डालेना, तिच्या १७२५ च्या वहीत तो आहे म्हणून लोक बाखचाच समजत होते, खरा ड्रेस्डेनच्या क्रिश्चन पेट्झोल्ड नावाच्या ऑर्गनवाल्याचा निघाला. एकूण ३२ बार, बार म्हणजे इथे तीनतीन मात्रांचा एकेक खण. पांढरी पाचला सा धर आणि गाऊन बघ: प सारेगम, प सा सा, ध मपधनि, सां सा सा. सगळे शुद्ध सूर, आपला बिलावलच की रे! मी खूश होऊन सगळ्या नोटेशनखाली पेन्सिलनं सरगम लिहून काढली. मग पुढचा तुकडा एफ मेजरचा आला, सा हलला, तोच सूर तिथे वेगळा, डोकं फिरलं. कागदावर ‘जी’ हा सूर कुठेही ‘जी’च असतो, आपला सा मात्र फिरता. एका रविवारी बसून सगळं खोडलं.

आता अडलंय कुठे ते ऐक. दुसऱ्या बारमध्ये डाव्या हातानं ‘बी’ हा एकच सूर तीन मात्रा नुसता दाबून ठेवायचाय, उजवा वर प सा सा वाजवतो. एवढंच. पण उजवा उचलला की डावाही उचलतोच! वेगवेगळे हात स्वच्छ येतात, एकत्र आणले की पुन्हा शून्य. मेट्रोनोम लावून पाहिला, ती टिकटिक ऐकून डोकं उठतं, सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे आली कळतच नाही. परवा भांडी घासताना सुचलं की तीनतीन मात्रांचे दोन बार म्हणजे आपला सहा मात्रांचा दादरा तालच झाला. समेवर प, ‘खाली’वर म्हणजे चौथ्या मात्रेवर परत प, पुढच्या आवर्तनात समेवर ध आणि ‘खाली’वर सां. बरोब्बर बसतं. तोंडानं धा धी ना म्हणत वाजवलं तर डावा हात पहिल्यांदा तीनही मात्रा खाली राहिला, एकदाच राहिला पण राहिला.

म्हणून काम सांगतोय. मिनिटाला साठ मात्रा, साधा दादरा, दहा मिनिटं रेकॉर्ड करून पाठव. ॲपमधला तबला नको, तुझाच पाहिजे, आणि मध्ये तुकडे घुसडू नकोस, तुझी सवय माहितीये मला.

तुझाच,
पेटीवाला