अंगठ्याऐवजी सही, पण आधी चष्मा

महोदय,

‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढील निरक्षरांना स्वयंसेवक विनामोबदला शिकवतात. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची १५० गुणांची परीक्षा होते. योजनेची मुदत २०२७ पर्यंतच आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या भागातल्या वर्गाला येणाऱ्या बायका बहुतेक चाळिशीपुढच्या. त्यांना बाराखडीची घाई नसते. केएमटी बसची पाटी, बचत गटाच्या वहीतला आपला हप्ता आणि बँकेची स्लिप वाचायची असते. तिथूनच सुरुवात केली की वर्ग टिकतो. पण पुष्कळदा अडचण अक्षरांची नसतेच, जवळचं दिसत नसतं! पुस्तकं वाटण्याआधी डोळे तपासून चष्मे द्यावेत. ऊसतोडीच्या हंगामात वर्गाची वेळ रात्रीची ठेवावी, नाहीतर पटावर नावं तेवढी राहतात.

शिकवणाऱ्यालाही यातून बरंच मिळतं. जोडाक्षर समजावताना कॉलेजच्या पोरांची तारांबळ उडते आणि मग बोलण्यात नेमकेपणा येतो. निवृत्त मंडळींची संध्याकाळ कामी लागते. बाजारभाव, व्याज, मजुरीचा तोंडी हिशेब मात्र या बायकाच आम्हाला शिकवतात.

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १९१७ साली. त्यांच्या कोल्हापुरात महाविद्यालयांनी आणि तालीम मंडळांनी प्रत्येकी एक वर्ग चालवायला काय हरकत आहे? जागा आहे, पोरं आहेत.

– एक स्वयंसेविका, कोल्हापूर